तिसरा पासपोर्ट

कुसगाव,
६ जानेवारी २०२५

ती. उज्ज्वलाआत्यास,
समीक्षाचा सा. न. वि. वि.

लग्नानंतरचं हे पहिलं पत्र. तुझा कान फोनला दाद देत नाही आणि या घरात फोन म्हणजे चावडी. मी बोलायला लागले की सासूबाई, म्हणजे आमच्या माई, पुढचं वाक्य स्वतःच पुरं करतात. पत्र मात्र कुणी फोडत नाही. बँकेशिवाय कुणी पत्र लिहितं यावर इथे कुणाचा विश्वासच नाही.

आम्ही मधुचंद्राला व्हिएतनामला चाललोय. सगळा देश लोणावळ्याला मधुचंद्र करायला येतो, त्यामुळे लोणावळ्याच्या माणसाला त्यासाठी लांब जावं लागतं. हॉटेलच्या रिसेप्शनवर उभं राहून आदिनाथनी इतके मधुचंद्र बिघडताना पाहिलेत (गीझर बंद, माकडाने पर्स पळवली, नवऱ्यामागोमाग नवऱ्याची आई हजर) की आपल्या सहलीत एकही विघ्न येऊ द्यायचं नाही असा त्यांनी पण केलाय. विमा, पोटाच्या गोळ्या, तिकडच्या प्लगची पिन, झेरॉक्सच्या झेरॉक्स. विमानातली माझी जागासुद्धा ठरली. खिडकीजवळ.

आता गळ्यातलं. लग्नात तू पाहिलंस आणि विचारलं नाहीस, ते तुला किती जड गेलं असेल. मंगळसूत्राखाली चांदीचा छोटा टाक आहे तो तेजलचा, यांच्या पहिल्या बायकोचा. दोन वर्षांपूर्वी ती डेंगीने गेली. दुसरीने पहिलीला गळ्यात वागवायचं ही रीत इकडे अजून पाळतात. नवी साडी आधी टाकाला, पहिला घास टाकाला, मग उरलं ते माझं. तिचं नाव मात्र घरात कुणी घेत नाही. माई ‘ती’ म्हणतात. आदिनाथ तेवढंही म्हणत नाहीत.

हसशील, पण टाकावरचा चेहरा मी आत, कातडीकडे करून ठेवते, आणि सकाळी तो बाहेर बघत असतो. साखळी फिरत असेल.

लोभ आहेच, त्यात उपदेशाचं प्रमाण बेताचं असावं.

तुझी
समीक्षा

घोरावाडी,
११ जानेवारी २०२५

चि. सौ. समीक्षास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमन पप्पू ते हातात देऊन दारातच थांबला, कोण वारलं ते ऐकायला. भाचीचं खुशालीचं आहे म्हटल्यावर बिचारा निराश होऊन गेला.

टाकाबद्दल लग्नात विचारलं नाही, कारण विहीणबाई पानात जिलेबी वाढत होत्या आणि माझं तोंड मोकळं नव्हतं. आता मोकळं आहे. मेलेल्या बाईचा मान राखायला माझी ना नाही. जिवंतपणी बायकांचा मान कोण राखतं, निदान मागाहून तरी. पण बायको गेली ती आदिनाथरावांची. मग तिला वागवायचं तुझ्या गळ्याने, हे गणित कुणी मांडलं? त्यांच्या गळ्यात काय असतं? मी पाहिलं तेव्हा टाय होता.

दुसरं. तुला खिडकी कशाला? शाळेत असताना खंडाळ्याच्या घाटात तू एसटीच्या खिडकीतून खाली पाहिलंस आणि माझ्या नव्या पातळाचं जे झालं ते मी विसरलेले नाही. उंचीवरून खाली बघायची तुला भीती, हे त्यांना तू सांगितलं नाहीस, की त्यांनी विचारलं नाही?

तब्येतीला जपावे. जिभेला फार जपू नये.

तुझी
आत्या

कुसगाव,
१८ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

विचारलं नाही. मला खिडकी नको असं मी सांगितलं, तर ते म्हणाले, तुला तर खिडकीच लागते. असं मी कधी म्हणाले होते, असं मी विचारलं. त्यांनी स्क्रीन वरखाली सरकवली. मग म्हणाले, जागा आता बदलता येत नाही.

मग चपला आल्या, तिकडे वाळूत चालायला म्हणून. मला एक नंबर लहान. विमानातलं माझं जेवण मागवलंय ते अंडंसुद्धा नसलेलं, आणि मी आदल्याच दिवशी त्यांच्यासमोर बसून सुरमई खाल्ली होती.

माई तांदूळ निवडत होत्या. व्हिएतनाम कुणी ठरवलं, असं सहज विचारलं. त्या मान वर न करता म्हणाल्या, कुणी म्हंजी काय, त्या वक्ती ठरलंय तेच की. हॉटेलच्या सीझनमुळे वर्षभर लांबलेली सहल होती ती. पासपोर्ट झाला, बॅगा भरल्या, आणि निघायच्या आठवड्यात ताप आला.

आत्या, मी तेजलच्या सहलीला चाललेय. तिच्या जागेवर बसून, तिच्या मापाच्या चपला घालून, तिचं जेवण जेवून.

कपाट उघडलं की शिकेकाईचा वास येतो. मी शांपू वापरते, माईंचे केस मेंदीचे. पण तेजलची मला भीती वाटत नाही. ती गरीब काही करत नाही. भीती वाटते ती आदिनाथ माझ्याकडे बघून हसतात तेव्हा. फार छान हसतात, पण ते हसणं माझ्या खांद्यावरून मागे कुणाकडे तरी जातं. परवा मी वळून पाहिलं. मागे भिंत होती.

चांगल्या माणसाशी लग्न झालंय, हे मला कळतं. ते माझ्याशी झालंय का, एवढंच कळत नाहीये.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली
समीक्षा

घोरावाडी,
२२ जानेवारी २०२५

चि. सौ. समीक्षास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी दोनदा फाडलं, कारण दोन्ही खेपेस त्यात विनोद शिरले.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही, पण त्या घरात कुणीतरी अधांतरी लटकलंय हे मला पत्रातून दिसतं. तेजल नव्हे. ती बिचारी रीतसर गेली. जो गेलाही नाही आणि आलाही नाही तो रिसेप्शनवर नोकरीला आहे. त्यांच्यावर रागावू नकोस. जमलं तर रागाव, पण तोंडावर.

जा तू. विमानात बसल्यावर विचार. तिथून माणसाला उठून बाहेर जाता येत नाही.

माझी काळजी तुझ्या बॅगेत भरू नये, वजन भरेल.

आत्या

कुसगाव,
३० जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्ता वाचूनच तुला कळलं असेल. आम्ही गेलो नाही.

निघायच्या दिवशी माईंनी सामानाची पूजा केली. या घरात नवा मिक्सर आला तरी हळदकुंकवाशिवाय फिरत नाही, मग परदेशाची बॅग कशी सुटणार? मी अंघोळीला गेले तेव्हा माझा टाक देवघरात ठेवून त्यापुढे त्यांनी बॅगा, तिकिटांचे कागद, पासपोर्ट, सगळं मांडलं. तेजलचा पासपोर्ट त्यांच्या ट्रंकेत होता. तिलाही जायचं होतं म्हणून तोही काढला. तीन निळी पुस्तकं ओळीने, तिन्हींना कुंकू. मग त्यातली दोन उचलून परत पिशवीत घातली.

आदिनाथनी फूड मॉलला चहा पिताना पिशवी काढली. दोन्ही पासपोर्ट उघडले, फोटो बघितले, सगळं बरोबर आहे म्हणाले. चेंबूर आल्यावर पुन्हा उघडले, पुन्हा बघितले. बरोबर.

विमानतळाच्या दारावरच्या जवानाने पुस्तक पाहिलं, मला पाहिलं, पुन्हा पुस्तक पाहिलं आणि ही कोण म्हणून विचारलं. आदिनाथनी ते हातात घेऊन बघितलं आणि ही माझी बायको म्हणून सांगितलं. जवानाने माझ्याकडे बोट केलं आणि मग या कोण, असं विचारलं.

आत्या, मागे ट्रॉल्यांची रांग लागली, एका मुलाचा फुगा सुटून छताला गेला, आणि ते उभेच. शेवटी जवानानेच हळू आवाजात आम्हाला बाजूला घेतलं. माणूस चांगला होता. त्याला वाटलं मी पळवून आणलेली असेन.

चुकून सारखी वाटावी अशी तेजल नाही. तिचा चेहरा लांबट, हनुवटीवर तीळ. ज्यांना गीझरचा थेंब चुकत नाही त्यांनी तो फोटो दोनदा बघितला आणि दोन्ही वेळा त्यांना त्यात काही चूक दिसली नाही.

माझा पासपोर्ट घरी देवापुढे होता. घरी आल्यावर मी जे केलं ते मी लिहीत नाही. माई लिहितील. त्या तक्रार केल्याशिवाय राहायच्या नाहीत.

तुझी, बहुधा अजून सौ.,
समीक्षा

कुसगाव,
४ फेब्रुवारी

उज्ज्वलाबाई विहीणबाई यांना
कस्तुराबाईचा रामराम इनंती इशेष.

मला लिवता येत न्हाई, शेजारची पायल लिवती. मी बोलते तसंच लिव म्हनलंय, सुदरायचं न्हाई.

तुमच्या पोरीनं काय केलं आईकलं का? इमानतळावनं माघारी आली, चप्पल काढली, देवघराम्होरं उबी ऱ्हायली, आन् गळ्यातला टाक काडून माज्या लेकाच्या गळ्यात घातला. म्हनली, बायकू तुमची गेली, तुमी संबाळा. गड्यानं सवतीचा टाक घातल्याला कुनी आईकलंय व्हय?

पासपोर्टाचं म्हनाल तर माजा दोष न्हाई. तिनी पुस्तकं एकसारकी. उचलताना वाटलं, कुनीतरी माजं मनगट धरलंय, हे नगं ते घे म्हनतंय. पायल हसती हाय. हसू द्या.

टाक घातला तसा आदिनाथ मटकन खाली बसला आन् रडला. ती मेली तवा रडला नवता. दहाव्याला पाव्हन्यांचं चापानी बगत फिरत हुता, हाटेलात बगतो तसा. मी म्हनलं, लेकरू घट हाय. कशाचं घट! आतल्या आत तिला धरून बसलं हुतं.

आता तुमची समीक्षा म्हनती, तिकिटाची तारीख बदला आन् तुमी तिला घिऊन जाऊन या, सहल तिची हाय, मी न्हाई यायची. आन् ह्यो तयार! एकटा गडी, मेल्याली बायकू गळ्यात घालून, परदेशी हनिमूनला! गावात मी काय सांगू? तुमी तिला समजवा. कान धरा तिचा.

पर लय रागवू नगा. घरात तेजलचं नाव परत निगालं. माजी बी ती सून हुती, विहीणबाई. मला बी कुनी इचारलं नवतं.

चूकभूल पोटात घाला, पायलची बी.

कस्तुराबाई

घोरावाडी,
८ फेब्रुवारी २०२५

सौ. कस्तुराबाई विहीणबाईंस,
उज्ज्वलाचा सप्रेम नमस्कार.

समजावण्याचं काम माझ्याच्याने व्हायचं नाही. त्या पोरीला मी लहानपणापासून समजावत आलेय, त्याचा परिणाम तुम्ही भोगताच आहात.

गावात सांगा, आदिनाथ हॉटेलच्या कामाला गेलाय. अर्धं कुसगाव हॉटेलच्या कामाला जातं, कुणी खोलात शिरणार नाही. आणि मनगट धरल्याचं मला खरं वाटतं. पायलला सांगा, हसू नकोस. आपलं मन कधी कधी आपल्याच हाताला धरतं आणि आपल्याला परकं वाटतं.

एक विनंती. आदिनाथराव नाहीत तेवढे दिवस समीक्षाला पानावर आधी वाढा. आणि तेजलबद्दल तिला सांगा. तिलाही कुणी सांगितलेलं नाही.

तुमच्या जिलेबीची आठवण जिभेवर ठेवून,
उज्ज्वला

कुसगाव,
२३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आदिनाथ गेले आणि घर रिकामं झालं. एका माणसाने नाही, दोघांनी.

पहिल्या दिवशी माईंनी मला आधी वाढलं. मी सवयीने एक घास बाजूला काढून ठेवला. कुणासाठी, ते मलाच कळेना. टाक तर विमानात. माई त्या घासाकडे बघत बसल्या, मी माईंकडे. मग त्यांनी तेजलचं सांगायला सुरुवात केली. ती जिन्यावरून धावत उतरायची. माईंच्या चहात चोरून साखर जास्त घालायची, डॉक्टर नको म्हणाले असताना. ऐकता ऐकता मला तिचा पहिल्यांदा राग आला, अगदी साधा, शेजारणीचा यावा तसा. बरं वाटलं. कपाटातला वास त्यानंतर गेला. तो गेल्यावर मला दोन रात्री झोप लागली नाही, हे मात्र कुणाला सांगू नकोस.

आदिनाथ रोज फोन करायचे. तिकडे हॉटेलांत गल्ल्यापाशी घरच्या मेलेल्या माणसांचे फोटो असतात म्हणे, पुढे संत्री आणि चहाचा कप. मालकिणीने यांच्या गळ्यातला टाक बघितला, खुणेने विचारलं, आणि दुसऱ्या दिवसापासून यांच्या टेबलावर न सांगता दोन कप यायला लागले. तेजल भांडकुदळ होती हे यांनी मला फोनवर सांगितलं. ताप आला त्या दिवशीसुद्धा भांडण झालं होतं, बॅग कुणाची जड यावरून. ते मिटवायचं राहिलं होतं. नावेत बसून त्यांनी ते मिटवलं. कसं, ते मी विचारलं नाही.

ते आज पोचतील. आदिनाथ एकटाच येतोय का, असं माई सकाळपासून विचारतात. मी सांगितलं, एकटे आले तर नवरा, दोघं आली तर पाहुणे, भात दोन्हीला पुरेल. बोलायला मी तुझीच भाची, पण उंबऱ्यावरची रांगोळी दोनदा चुकली.

लोभ आजच्या दिवस जरा जास्त असावा.

तुझी
समीक्षा

ता. क. पत्र टाकायच्या आत आदिनाथ आले, म्हणून पुन्हा उघडलं. काळवंडलेत. टाक गळ्यातच आहे. काढू का म्हणून विचारलं, मी म्हणाले, ते तुमचं तुम्ही बघा. जेवायला बसल्यावर पहिला घास त्यांनी स्वतः बाजूला ठेवला, तेजल असं नाव घेऊन. मग माझ्याकडे वळून विचारलं, तुला कुठे जायला आवडेल?

आत्या, मला एका गावाचं नाव सुचेना. इतके दिवस जे नको त्याचीच तयारी करत होते, हवं त्याचा विचार करायला फुरसतच झाली नाही. मी वरणाकडे बघत राहिले. ते हात थांबवून बसले होते, माई वाटी धरून थांबल्या होत्या, आणि टाकातली तीही थांबली असावी. अजून मी उत्तर दिलेलं नाही. घाई तिघांपैकी कुणालाच दिसत नाही.