गाडी अजून तापते

१८ नोव्हेंबर, मंगळवार
आज परत तापली! शाळा सुटल्यावर धसईहून घरी किन्हवलीकडे निघाले, आणि पहिल्याच चढाला लाल दिवा. बाजूला घेतली, बंद केली. अर्धा तास मैलाच्या दगडावर बसून होते. डोक्यावर पेंढ्याचा भारा घेतलेली एक बाई जाता जाता म्हणाली, "मास्तरीनबाई, गाडी दमली का तुमी दमला?"

घरी पोचल्यावर भाविकला फोन लावला. गाडी त्याची. मार्चमध्ये चाकणच्या कंपनीत लागला तेव्हा माझ्याकडे ठेवून गेला, तेव्हापासून त्याचं एकच – "कामात आहे आई, नंतर करतो." ते नंतर कधी येत नाही. आज मात्र चाळीस मिनिटं बोलला! पाणी बघितलंस का, इंजिन गार झाल्याशिवाय झाकण उघडू नको, पंखा फिरतो का, रेडिएटरला समोरून वारा लागतो का. मध्येच विचारलं, जेवलास का? तर काय जेवला तेही सांगितलं.

त्याचे बाबा गेल्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून सलग एवढा वेळ या घरात कुणाचा आवाज नव्हता.

२० नोव्हेंबर
संध्याकाळी सहाला त्याचाच फोन. त्याचाच! "तापली का?" तापली होती. पाऊण तास बोललो.

२२ नोव्हेंबर, शनिवार
सकाळची शाळा. सुटल्यावर गाडी धसईला कोंडूच्या गॅरेजात नेली, भाविकही तिथंच दाखवायचा. साठीचा माणूस, बोलतो कमी. खाली वाकला आणि बघतच राहिला.

"ही कोनी बांदली?"

मीच. आता लिहायलाही लाज वाटते. हल्ली या रस्त्यावर पेंढ्याचे टेम्पो चालतात, मागून येणाऱ्याच्या अंगावर सगळं भूस. ते रेडिएटरमध्ये जातं म्हणून मी दिवाळीनंतर तांदळाची जुनी चाळण मोडली आणि तिची जाळी तारेनं पुढे बांधली. शहाणपण केलं असंच वाटत होतं.

"भूस अडलं बराबर," कोंडू म्हणाला. "वारा बी अडला. तोंडाला फडकं बांदून माहुलीचा गड चढाल काय तुमी?"

जाळीत भुसाचा थर – बोटभर! काढली. रेडिएटर मागच्या बाजूनं हलक्या पाण्यानं धुतला. "जोरात मारायचं नाय हां, पात्या झोपतात." रेडिएटरच्या काही बारीक पात्या आधीच वाकलेल्या होत्या, त्या काडेपेटीच्या काडीनं एकेक सरळ केल्या. अर्ध्या मीच केल्या. भाताची रोपं उभी करावीत तसं वाटलं.

येताना तोच चढ. स्टिअरिंगसमोर वेगाच्या आकड्यांच्या बाजूला तापमानाच्या सहा रेघा आहेत, त्यातल्या तीनच पेटल्या. घरापर्यंत तीनच!

कधी एकदा सांगते असं झालं होतं. सहाला फोन वाजला.

"तापली का गो आई?"

मी म्हटलं, हो.

तोंडातून गेलं. का गेलं ते मला माहीत आहे. नाही म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, बरं झालं, ठेवतो.

२४ नोव्हेंबर
आज म्हटलं, पाच रेघा. खोट्यालाही तयारी लागते! कुठे तापली, चढाला की सपाटीला, पंखा कधी सुरू झाला – तो सगळं विचारतो. मी शाळेतून निघतानाच ठरवून ठेवते. मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवते आणि परतीच्या वाटेवर हे.

पण आज तो हसला. खोलीवर भात करपवला म्हणाला, पातेलं कसं घासू? मी चिंचेचं पाणी सांगितलं. एक तास दहा मिनिटं.

२५ नोव्हेंबर
चार रेघा म्हटलं. थोडा उतार दाखवला. लगेच भीती वाटली.

२९ नोव्हेंबर
शेजारची धोंडीबाई कुंपणावरून म्हणते, "काय गो, हल्ली सांजची दारात नाय दिसत? कोनाशी बोलतेस येवढं?" लेकाशी म्हटलं. "बाय बाय! माझा तर मिस कॉल बी देत नाय." फार दिवसांनी माझा कुणाला हेवा वाटला.

आणि आज संध्याकाळी भाविक एकदम गंभीर. "आई, इंजिनच्या आत काय तरी गेलंय. विकून टाकू गाडी. तू एकटी कुठं तरी अडकशील, माझा जीव लागत नाय इथं." आवाज खोल गेलेला. परक्या गावात माझं पोरगं माझ्या खोट्यानं तळमळतंय.

सांगायचंच होतं. पण म्हटलं, बघू दोन दिवस.

२ डिसेंबर
नाही सांगितलं.

५ डिसेंबर, शुक्रवार
मागच्या चाकात हवा भरायला कोंडूकडे थांबले. हवा भरता भरता खाली मान घालूनच तो बोलला, "बाई, भाविकचा फोन आलता. गाडी कशानं तापते म्हनला. मी म्हनलं, आता कुठं तापते? चाळन काढली, झाली ठीक."

कधी आला होता, विचारलं.

"झाले की आठ-धा दिवस."

वाटेत एकाच हिशेबात होते. आठ-दहा दिवस म्हणजे विकून टाकू म्हणाला त्याच्याही आधी. त्याला माहीत आहे. माहीत असून रोज सहाला विचारतो, आणि मी खोटं सांगते ते शांतपणे ऐकून घेतो. वर काळजीही करतो! मला पकडतोय का? की आईची कीव येते त्याला? कीव असेल तर नको. मग तो फोनही नको.

आज सहाला वाजला. उचलला नाही. सातला परत वाजला. नाही उचलला. भाकरी केली, खाल्ली नाही.

६ डिसेंबर
सकाळी मीच लावला. म्हटलं, गाडी तापत नाही. बावीस तारखेपासून तापली नाही.

"माहितीय."

मग रोज का विचारत होतास रे?

"दिवाळीनंतर काढलं मला कामावरून. दिवसभर कोणाशी बोलत नाय मी, आई. तेवढा एकच फोन असायचा. गाडी विकू म्हटलं तेही तो लांबावा म्हणूनच."

मी म्हटलं, माळशेजवरून येणारी पहिली एसटी पकड. मुरबाडला उतर. मी तिथं गाडी घेऊन उभी आहे.