भाऊजींनी पाठवलेली घंटा

भाऊजी, सलाम.

मी मिशनकडे मच्छरदाण्या मागितल्या आणि तुम्ही तिथे ऑफिसात पंख्याखाली बसून घंटा पाठवलीत! जंगलातल्या चिखलातून ती ओढून आणताना तुमच्या दादांचा पाय सुजून खांब झाला. इथे हत्ती आले की इशारा म्हणून पत्रे बडवतात, त्यामुळे घंटा वाजली की गाव टेकडीवर पळायचं. ‘घंटा म्हणजे प्रार्थना’ हे पटवताना आमच्या नाकी नऊ आले.

काल खरंच हत्ती आले. ह्यांनी जीव तोडून घंटा बडवली, आणि अख्खं गाव लेकराबाळांसकट चर्चमध्ये येऊन बसलं! हत्ती भिंतीला घासून गेले. मग पुढच्या बाकावरची आजी ह्यांना म्हणाली, ‘पाद्रीबाबा, करा की सुरू.’

हे पत्र टाकणार नाही. ‘चर्च भरलं’ एवढंच वाचाल आणि आणखी मोठी घंटा पाठवाल.

तुमची वैतागलेली,
वहिनी