केकशेजारचे मामा

सोम., ८ डिसें.
काल तन्वीचं रिसेप्शन, वाकोल्याचा हॉल. पाय अजून सुजलेत. एसी नावापुरता, आणि समोर तीन मजली केक. पण काय केक! वरपासून खालपर्यंत आयसिंगचा अबोलीचा गजरा, एकेक फूल वेगळं. तन्वीच्या मामांनी केलेला. जन्मभर कुर्ल्याच्या एका बेकरीत भट्टीवर होते, आता रिटायर. आयसिंग सुटायच्या आत मला फोटोत तो एकटा हवा होता, मागे माणूस नको, खुर्ची नको. मिळाला. केकचा एवढा चांगला फोटो मी आजवर काढलेला नाही. निखिल (व्हिडिओ) म्हणाला, "झकास! पेजवर टाक आजच."

मामा मात्र सारखे फ्रेममध्ये. "माझो येक काढ गो, केकावांगडा." मी "हो काका, दोन मिनिटं," असं तीनदा म्हणाले. चौथ्यांदा फ्लॅशच्या मागचं बटण दाबलं. नुसता उजेड, फोटो नाही. ते खूश होऊन जेवायला गेले.

सगळेच करतात हे. हट्टी पाहुणे असले की.

शुक्र., १९ डिसें.
तन्वीचा मेसेज. "मामाचा केकसोबतचा फोटो आधी पाठव ना यार, रोज फोन करतोय." एडिटिंग चालू आहे म्हटलं. खोटं बोलायला दोन सेकंदही लागले नाहीत.

सोम., २२ डिसें.
कॅमेऱ्याची दोन्ही कार्डं पुन्हा चाळली, उगाच, चुकून निघाला असेल म्हणून. केकचे एक्केचाळीस. त्यातल्या दोनांत मामांचं कोपर. एवढंच.

तन्वी म्हणाली, इतकी वर्षं लोकांच्या लग्नांचे केक केले, पण ते मागच्या दाराने टेम्पोत जायचे. मामाने स्वतःचा केक हॉलमध्ये मांडलेला पहिल्यांदा पाहिला. म्हणून तो हट्ट. मला हे आधी माहीत असतं तर, असं लिहिणार होते. पण माहीत नसतानाही एक क्लिकच करायचा होता. तेवढा जिवावर आला.

बुफेच्या रांगेत मामा एकदा छान आलेत. सरळ उभे, हसरे, निळा शर्ट.

बुध., २४ डिसें.
केलं. रांगेतले मामा उचलून केकशेजारी ठेवले. हातातली प्लेट काढली, सावली टाकली, उजेड जुळवला. तीन तास. कोणाला कळणार नाही इतकं बेमालूम, आणि त्याचीच लाज वाटतेय.

पाठवला. तन्वीकडून बदामांची रांग. मग मामांचा व्हॉइस मेसेज, "चेडवा, बरो इलो गो फोटो." पूर्ण ऐकवला नाही.

शनि., ३ जाने.
तन्वीचा फोन. फोटो मोठा करून फ्रेम केलाय, कांदिवलीच्या घरी टीव्हीच्या वर. मग हसत हसत, "अगं, मामा वाद घालतोय. म्हणे मी चष्मा काढला होता, मग फोटोत कसा आला?"

काढला होता. मलाच विचारलं होतं त्यांनी, "चष्मो काढू? काच चमकात." मीच म्हटलं, हो काढा. त्यांनी तो खिशात ठेवला, केस नीट केले, मग मी बटण दाबलं. आणि फोटो जोडताना मला यातलं काही म्हणजे काही आठवलं नाही.

तन्वीला म्हणाले, "गडबडीत काढायचा राहिला असेल." वर हे.

मंगळ., ६ जाने.
आता तन्वी हसत नाही. मामींनी मामांच्या चुका मोजायला सुरुवात केलीय. गेल्या महिन्यात दारालाच किल्ली राहिली. चहात दोनदा साखर. आणि आता हे, फोटो समोर असून म्हणतात चष्मा नव्हता. मामांच्या आईला शेवटी माणसं ओळखू येत नव्हती, त्यामुळे घरात सगळे घाबरलेत. सोमवारी डॉक्टर. मामा आधी भांडायचे, आता भांडत नाहीत म्हणे. फोटोसमोर उभे राहून बघत राहतात.

किल्ली मीही विसरते. साखरही. एका धडधाकट माणसाला मी त्याच्या डोक्याबद्दल संशयात पाडलंय. निखिलला सांगितलं. तो म्हणाला, "सोड ना, डॉक्टर बघतील आणि सोडून देतील." त्याचं बरोबर असेल. मला जेवण जात नाहीये.

रवि., ११ जाने.
कांदिवलीला जाऊन आले. अल्बमचं निमित्त. मामी मंदिरात गेल्या होत्या, म्हणून जमलं, नाहीतर तशीच परतले असते.

सगळं सांगितलं. बटण, रांग, प्लेट, चष्मा. मामा म्हणाले, "पोट आत घेवन उभो रवललंय गो मी. तू हसलंस पण." हो, हसले होते मी. ग्राहकासमोर हसतो तसं.

रडू आलं. त्यांनी पाणी आणून दिलं, ते तर आणखी वाईट. मग एकदम त्यांचा चेहरा सुटला. "म्हणजे माझां डोक्यां बरोबर आसा!" दोनदा म्हणाले. मी म्हटलं, मामींना आणि तन्वीला आजच सांगते, उद्या डॉक्टरकडे जायची गरज नाही.

"नको."

का, म्हटलं तर त्यांनी फ्रेमकडे बोट केलं. "केक माझोच ना तो?" हो. "मगे फोटो रवांदे. मामीक सांगितलंस तर आजच भिंतीवरून काढीत ती. डॉक्टराकडे मी जावन येतंय." नाही सांगत, म्हटलं.

मामी आल्या. मामा म्हणाले, "चष्मो होतोच गे डोळ्यार. मीच इसारलंय." मामींचे डोळे भरले. मी तिथेच बसले होते, हातात ग्लास.

सोम., १२ जाने.
डॉक्टरांची साडेअकराची वेळ होती. सकाळपासून तन्वीला लिहितेय, पुसतेय. लिहिलं तर मामांचा फोटो जातो आणि त्यांना दिलेला शब्दही. नाही लिहिलं तर मामी रोज एकेक चूक मोजत बसणार आणि उद्या मामा खरंच विसरायला लागले तर खरी चूक कुठली, माझ्या फोटोची कुठली, कोणालाच कळणार नाही.

एक वाजता तन्वीचा मेसेज. "डॉक्टरांनी विचारलं, काय काय विसरता? मामाने पहिलं चष्म्याचंच सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं गं."