क्लबच्या जेवणातली कोशिंबीर

आई,

तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुला कधी काही लिहिलं नाही. तू होतीस तेव्हाही फारसं लिहिलं नाही म्हणा. रविवारी फोन करायचे, तू "जेवलीस का?" विचारायचीस, मग भाजी काय केली ते विचारायचीस, आणि तेवढ्यात फोनकार्डाची मिनिटं संपायची. आज लिहितेय, कारण एक गोष्ट कुणाला तरी सांगायला हवी आहे आणि जी माणसं हयात आहेत त्यांच्यापुढे तोंड उघडत नाही.

तू इकडे कधी आली नाहीस, म्हणून आधी थोडं इथलं सांगते. इथे अमेरिकेत, श्रूजबरी नावाच्या गावात आपलं घर आहे. गावात आपली माणसं भरपूर आहेत. दुकानात कढीपत्ता मिळतो, गणपतीत ढोल वाजतो. तुझी नात नोकरीसाठी जर्सी सिटीला गेली आणि घर एकदम मोठं झालं. तुझा जावई दिवसभर ऑफिसात, मी घरूनच काम करते, म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत खिडकीपाशी लॅपटॉप उघडून बसलेली. तीन घरं सोडून एक एक्याऐंशी वर्षांची बाई एकटी राहते. पूर्वी शाळेच्या लायब्ररीत होती. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर तिने दार वाजवलं आणि म्हणाली, "तू रोज त्या खिडकीत दिसतेस. मला तुझी काळजी वाटायला लागली आहे. बुधवारी माझ्याबरोबर चल." तिचं बोलणं इंग्रजीत, पण मला ते आपल्याच भाषेत ऐकू येतं.

तिने मला शेजारच्या गावातल्या बोल्स क्लबात नेलं. हा खेळ तुला सांगितला तर तू हसशील. कातरून गालिच्यासारखी केलेली हिरवळ असते, तिच्यावर आधी एक छोटा पांढरा चेंडू टाकायचा आणि मग आपले मोठे, जड चेंडू घरंगळवत त्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे. गंमत अशी की ते चेंडू पूर्ण गोल नसतात, एका अंगाला झुकत जातात, त्यामुळे नेम सरळ धरला की हमखास चुकतो. खेळणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे, पांढऱ्या कपड्यांतले. खेळ झाला की क्लबच्या खोलीत चहा, सँडविच आणि गप्पा. थंडीत हिरवळ बर्फाखाली गेली की आत पत्ते, बिंगो, सूपची संध्याकाळ. मी जायला लागले आणि वर्षभरात बुधवार हा माझा दिवस झाला. मला दरवाजाची किल्ली दिली तेव्हा मी ती तुझ्या जावयाला दोनदा दाखवली.

क्लबच्या खोलीला तीन पायऱ्या आहेत. एका मेंबरला अर्धांगवायूचा झटका आला आणि तो चाकाच्या खुर्चीला खिळला. त्याची बायको त्याला दर बुधवारी घेऊन येते, गाडी हिरवळीच्या कडेला लावते, आणि तो काचेतून खेळ बघत बसतो. चहा ती कपातून बाहेर नेते. तर यंदा ठरलं की पायऱ्यांशेजारी उतार बांधायचा आणि त्यासाठी निधी जमवायचा. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त पोस्टमन. त्यांनी विचारलं, काय करू या? कुणी केक विकू म्हणालं, कुणी गोधडीची सोडत काढू म्हणालं. आणि मला तिथे नेणाऱ्या माझ्या शेजारणीने टेबलावर हात ठेवून सांगितलं, "हिला जेवण करू दे. हिची आई चाळीस माणसांची खानावळ चालवायची." तुझ्याबद्दल मीच तिला सांगितलं होतं, जरा फुशारकीनेच. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी हो म्हणून बसले.

तेव्हापासून माझी झोप गेली. जेवणाची नव्वद तिकिटं खपली होती. माणसं आली नाहीत तर? आली आणि जेवण पुरलं नाही तर? तिखट झालं तर? वास आवडला नाही तर? मी तासातासाला हवामान बघायचे. आभाराचे दोन शब्द माईकवर बोलायचे होते, तेही मी पाठ करत होते आणि दर वेळी दुसऱ्याच वाक्याला अडखळत होते. लेक फोनवर म्हणाली, "मॉम, इट्स जस्ट लंच." मदतीला येणारी माझी नागपूरची मैत्रीण म्हणाली, "टेन्शन नको घेऊ यार. नव्वद माणसं म्हणजे आपल्याकडचं डोहाळजेवण." त्यांना कसं सांगू, की मला जेवणाची भीती नव्हती, तिथली किल्ली परत द्यावी लागेल याची होती.

आणि एक खरी भीतीची गोष्ट होती. माझ्या शेजारणीला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे जिवावर बेततं. तिच्या पर्समध्ये कायम एक इंजेक्शन असतं, ते तिने मला पहिल्याच महिन्यात दाखवून ठेवलं होतं, कसं टोचायचं तेही. अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाकी तुला हवं ते कर. तेवढं शेंगदाण्याचं बघ." मी म्हटलं, "एक दाणासुद्धा नसेल." तिकिटावर तसं छापलं. प्रत्येक पदार्थापुढे ठेवायला पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या केल्या, त्यांवरही तसं लिहिलं.

तुला तो रॉकेलचा दिवस आठवतो? मी दहा वर्षांची असेन. सोलापूरचं आपलं ते लांबट स्वयंपाकघर, एका भिंतीला ओळीने तीन स्टोव्ह. पॉलिटेक्निकची पोरं बाहेर पाटांवर बसली आहेत आणि तू भाकऱ्या थापते आहेस. मला म्हणालीस, त्या स्टोव्हमध्ये रॉकेल घाल. मी नरसाळं नीट धरलं नाही आणि शेजारच्या मटकीच्या उसळीत रॉकेल सांडलं. फार नाही, चमचाभर. मी पातेल्यात डाव फिरवला आणि गप्प बसले. ताटं वाढली गेली. पहिल्याच पोराने घास तोंडात घातला आणि तसाच थांबला. तू त्याच्या तोंडाकडे बघितलंस, आत येऊन उसळ चाखलीस, माझ्याकडे बघितलंस. मग बाहेर जाऊन सगळ्यांसमोर हात जोडलेस. "आज माझ्या हातून चूक झाली आहे. ताटं बाजूला करा. अर्ध्या तासात पिठलं करते." माझ्या हातून, असं म्हणालीस. पोरं जेवून गेल्यावर मला समोर बसवलंस. मला वाटलं मार बसणार. तू म्हणालीस, "सांडलं त्याचं काही नाही. हात आहे, सांडणार. पण तुला माहीत होतं आणि तू बघत राहिलीस. खाणारा डोळे मिटून खातो गं. उघडे ठेवायचे ते आपण." पुढे चार दिवस तू मला वाढायला बोलावलं नाहीस. मला मार परवडला असता.

जेवणाच्या दिवशी मी पाचला उठले. पावभाजी आणि पुलाव आदल्या दिवशीच करून ठेवला होता, श्रीखंड तयार होतं. कोशिंबीर तेवढी ताजी करायची होती. चाळीस काकड्या चोचवल्या, पिळून पाणी काढलं, फ्रिजमधून दही काढलं. हिंग-मिरचीची फोडणी दिली, मीठ, साखर, लिंबू, कोथिंबीर. डोक्यात माईकवरची वाक्यं घोळत होती. झाकण लावून भांडी गाडीत ठेवली.

ऊन छान पडलं होतं. माणसं वेळेआधीच आली. हिरवळीच्या कडेने टेबलं मांडली होती, ज्यांना खेळ येत नव्हता त्यांना अध्यक्ष चेंडू कसा धरायचा ते शिकवत होते, लहान-मोठे सगळे सरळ नेम धरून चुकत होते आणि हसत होते. पावभाजीसाठी रांग लागली. एका गृहस्थांनी तिसऱ्यांदा ताट पुढे केलं तेव्हा मैत्रिणीने मला कोपर मारलं. चाकाच्या खुर्चीवरचे गृहस्थ आज गाडीतून खाली उतरून झाडाखाली बसले होते आणि त्यांची बायको त्यांना चमच्याने श्रीखंड भरवत होती. मला खूप दिवसांनी नीट श्वास घेता आला. तेवढ्यात माझी शेजारीण ताट घेऊन समोर आली आणि म्हणाली, "ही काकडी फार सुंदर लागते. आई अशीच करायची का?"

तेव्हा मला आठवलं. दह्याच्या डब्याशेजारी कुटाची बरणी होती. दही काढताना हाताने तीही काढली होती. दोन मुठी कूट मी त्या कोशिंबिरीत घातलं होतं, तुझ्यासारखंच, न मोजता.

मी ओरडले ते मराठीत ओरडले. "खाऊ नका!" तिला काही कळलं नाही, पण माझा चेहरा बघून ताट तिच्या हातून सुटलं. तिने ओठांना हात लावला. म्हणाली, "जीभ वेगळी लागतेय." आवाज तिचा नव्हता. मी तिच्या पर्समधून इंजेक्शन काढलं, पण त्याचं झाकण निघेना. अध्यक्षांनी माझ्या हातातून इंजेक्शन घेतलं आणि कपड्यावरूनच तिच्या मांडीत टोचलं. कुणीतरी अँब्युलन्सला फोन केला. ती खुर्चीत बसून श्वास ओढत होती, माझा हात धरून. आणि मग मला सुचलं की आणखी कुणी असेल. मी उठले, माईक घेतला. जी दोन वाक्यं मला महिनाभर येत नव्हती त्यांच्या जागी मी म्हणाले, "काकडीत शेंगदाणे आहेत. चिठ्ठीवर चुकीचं लिहिलं आहे. चूक माझी आहे. कुणाला त्रास होत असेल तर आत्ता सांगा." सगळ्यांनी ताटं खाली ठेवली. कुणालाच काही नव्हतं. अँब्युलन्स गेल्यावर मी ते भांडं कचऱ्यात रिकामं केलं.

ती वाचली, आई. एक रात्र दवाखान्यात ठेवून दुसऱ्या दिवशी सोडलं. मी भेटायला गेले तेव्हा पलंगावर बसून शब्दकोडं सोडवत होती. मी बोलायला सुरुवात केली तर म्हणाली, "पुरे. तुला आठवल्याबरोबर तू ओरडलीस. सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलंस. मी चाळीस वर्षं शाळेत काढली, असं कबूल करणारी माणसं मी हाताच्या बोटांवर मोजेन." अध्यक्षांनी मेंबरांना पाठवलेल्या पत्रातही तेच लिहिलं. उतारापुरता निधी जमला आहे, सुतार येऊन माप घेऊन गेला आहे, आणि मी किल्ली परत द्यायला गेले तर त्यांनी घेतली नाही. मैत्रीण म्हणते, आता सोड ना. तुझा जावईही तेच म्हणतो.

पण वर मी तुला जे लिहिलं ते मी सगळ्यांना सांगितलं तसंच लिहिलं. तुलाही तेच सांगून टाकावं असं वाटलं होतं, इथपर्यंत आले आणि पुढे हात जाईना.

मला तेव्हा आठवलं नव्हतं. मला गाडीतच आठवलं होतं. क्लबच्या अलीकडच्या सिग्नलला थांबले होते, मागून फोडणीचा वास येत होता आणि डोळ्यांपुढे ओट्यावरची उघडी बरणी आली. मी स्वतःला म्हटलं, बाहेर काढली असेल, घातलं नसेल. मग म्हटलं, पोचल्यावर चाखून बघू. पोचले तर चार माणसं भांडी उतरवायला पुढे आली, अध्यक्ष सगळ्यांना सांगत होते की हिने किती काळजी घेतली आहे, आणि मैत्रिणीने कोशिंबिरीपुढे चिठ्ठी उभीही केली होती. मी चाखलं नाही. चाखलं असतं तर कळलं असतं. मनात म्हटलं, तिला काकडी आवडत नसेल. म्हटलं, मी तिथेच उभी आहे ना, लक्ष ठेवीन. आणि मग ऊन छान पडलं होतं, रांग लागली होती, मला सगळे चांगलं म्हणत होते, आणि मी लक्ष ठेवलं नाही.

ती अजून बुधवारी येऊन दार वाजवते आणि आम्ही बरोबर जातो. गाडीत ती मला तुझ्याबद्दल विचारते, तू काय काय करायचीस, कशी होतीस. मी सांगते. दर वेळी त्या सिग्नलला गाडी थांबते आणि मला वाटतं, आता सांगावं. त्या दिवसापासून सहा बुधवार झाले. तिला मी अजून सांगितलेलं नाही.