आधी होडीत पाणी

पालघर,
२६ जुलै १९९८

प्रिय नागोराव,

बोईसर पालघरपासून किती जवळ आहे हे मला ठाऊक आहे, तेव्हा पत्र कशाला, म्हणून हसू नकोस. समोरासमोर बसलो की आपण गुडघेदुखीवर तासभर बोलतो आणि मुख्य विषय चहाबरोबर गार होतो. शिवाय माझं अक्षर बरं आहे, असं तू एकदा म्हणाला होतास. तुझ्याकडून मिळालेली ती एकुलती एक स्तुती मी अजून काटकसरीने वापरतो.

परवा दांडीला दादूकडे, म्हणजे भावाकडे गेलो होतो. त्याची होडी किनाऱ्यावर ओढलेली, नारळी पौर्णिमेची तयारी चाललेली. आपण बोईसरला एका खोलीत राहायचो तेव्हा याच दिवसांत तुला तिथे नेलं होतं, आठवतं? तू परभणीचा माणूस, पाणी विहिरीत असतं अशी तुझी श्रद्धा. दादू घागरीमागून घागर होडीत ओतत होता आणि तू माझ्या कानाशी लागून विचारलंस की, हा तुझा भाऊ शहाणा आहे ना? दादूने ते ऐकलं. "सायेब, आतला पानी जिथून भायेर गलतं, तिथूनच उद्या दर्या आत येनार हाय," म्हणाला. मग जिथे जिथे थेंब दिसला तिथे खडूची खूण आणि फळ्यांच्या सांध्यात कापूस नि राळ.

एक गोष्ट मात्र तू त्या दिवशी पाहिली नव्हतीस. शेजाऱ्याच्या होडीला भोक दिसलं तर आमच्याकडे किनाऱ्यावर कुणी ओरडत नाही. मालकाला बाजूला घ्यायचं आणि हळूच सांगायचं, कारण बोंब झाली तर त्या होडीवर खलाशी चढत नाहीत. भोक बुजलं की मग मात्र साऱ्या गावाला सांगायचं. त्याच सुताराने बांधलेल्या बाकीच्या होड्याही तिथेच गळत असणार. हे शास्त्र कुठल्या ग्रंथात नाही, म्हणून अजून कुणी मोडलेलं नाही.

दादूची मुलगी, आमची हंसा, याच शास्त्रात वाढली. ती तुझ्या हाताखाली कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात लागली तेव्हा दादूला वाटायचं, पोरगी गार खोलीत बसून टाइप करते. तिला खरी वाट तू दाखवलीस. ती फुकट मिळणारी कॉम्प्युटरची प्रणाली, जिचा मजकूर कुणालाही उघडून वाचता येतो, तिची सीडी तूच हातात ठेवलीस आणि म्हणालास म्हणे, वाच, नाहीतर स्वेटर विणत बसशील. तिने वाचली. तुला हा सल्ला महागात पडणार होता, हे तेव्हा आपल्यापैकी कुणालाच कळलं नाही.

त्या प्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. मला तिने तो देवळाचा गाभारा म्हणून समजावला. बाकीचे प्रोग्रॅम उंबऱ्याबाहेर उभे. जे काही द्यायचं ते पुजाऱ्याच्या हाती द्यायचं आणि नैवेद्य केवढा आहे ते सांगायचं. पुजारी एवढंच बघतो की, शंभराहून मोठा नाही ना? हंसा पानामागून पान वाचत तिथे पोचली आणि थबकली. कुणी 'उणे एक' म्हणून सांगितलं तर? उणे एक शंभराहून लहानच, तेव्हा पुजारी म्हणणार, द्या. आत गेल्यावर मात्र तोच आकडा दुसऱ्या हिशेबाने इतका अफाट होतो की नैवेद्य गाभारा भरून वाहतो आणि देवाच्या जागी भक्त जाऊन बसतो. मी जन्मभर भाष्यांवरची भाष्यं वाचली, पण उणे नैवेद्य घेऊन कुणी देवळात येईल, हे माझ्या डोक्यात आलं नसतं.

तिचा उपाय एका ओळीचा. आकडा शून्याहून लहान असेल तरी परत पाठवा, बस्स. आम्हा संस्कृत व्याकरणवाल्यांना सूत्रातलं एक अक्षर वाचवता आलं तरी पेढे वाटावेसे वाटतात. मी खरोखर वाटले. पण तिला पेढ्याची शुद्ध नव्हती. असले भोळे पुजारी आणखी कुठे बसलेत ते ती शोधत राहिली, आणखी सापडले, तेही शहाणे केले. मग माझ्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरला उणे दहा, उणे हजार असं वाट्टेल ते देऊन बघत होती. दादू मासळी द्यायला आला होता, तो मागे उभा राहिला. "तू बी होडीत पानीच वततेस की गो," एवढंच म्हणाला आणि सुरमई ठेवून गेला. आमच्या घराण्यात याहून मोठी पदवी कुणाला मिळालेली नाही.

उपायाच्याही आधी, भोक दिसल्याबरोबर, ती तुझ्या केबिनमध्ये आली होती. दार लोटून तिने हळू आवाजात सांगितलं; तुमच्या यंत्रावरही तीच प्रणाली, तेव्हा त्याचा एक बंद कप्पा पडद्यावर उघडून दाखवला. मेमो लिहिला नाही, साक्षीला कुणी नेलं नाही; तिच्या लेखी तो मालकाचा मान होता. कारखान्यात लोटलेल्या दाराचा अर्थ निराळा लावतात, हे दांडीच्या किनाऱ्यावर कोण शिकवणार? दुसऱ्या दिवशी तो कप्पा उघडल्याचं यंत्राच्या नोंदीत दिसलं आणि सुरक्षा अधिकाऱ्याने विचारलं, हे कुणाला माहीत होतं? तिचं ओळखपत्र गेटवर काढून घेतलं. शुक्रवारी चौकशी आहे. तू काय म्हणालास, असं मी तिला विचारलं. "सर तवा काय बोलले नाय," म्हणाली. तुझ्याविषयी याहून वाईट शब्द मी तिच्या तोंडून काढू शकलो नाही, आणि मी पुष्कळ प्रयत्न केला. तुझं घर कंपनीचं, मुलांची शाळा कंपनीची. माणूस घाबरतो, हे मला कळतं.

आता पत्राचं कारण. जी मंडळी परदेशात बसून ती प्रणाली सांभाळतात, त्यांना हंसाने तिची दुरुस्ती पाठवली. त्यांचं उत्तरही तिच्याइतकंच आटोपशीर आलं: बरोबर आहे, घेतली. ते लगेच जाहीर करणार होते, तर हिने त्यांना नारळी पौर्णिमेपर्यंत थांबायला लावलं आणि कारण काय लिहिलं, तर एक होडी बुजवायची राहिली आहे. त्यांना काय उमगलं देव जाणे, पण थांबले. ती होडी तुमची. जाहीर झालं की भोक साऱ्या जगाला दिसेल, आणि तुमच्या यंत्रावर ते अजून उघडं आहे. तिला गेटच्या आत सोडत नाहीत, म्हणून दुरुस्तीची फ्लॉपी या पाकिटात आहे; पाळी बदलते तेवढ्या वेळात काम होईल, कसं ते तिने सोबत लिहिलंय. नोकरीविषयी ती काही मागत नाही, म्हणून मीही मागत नाही. मात्र जाहीर करायच्या मजकुराचं पहिलं वाक्य असं आहे की, भोक सापडताच यंत्राच्या प्रमुखांना सांगितलं होतं. तिथे तुझ्या नावापुरती जागा तिने कोरी ठेवली आहे. विचारल्याशिवाय कुणाचं नाव घालायचं नाही, म्हणते. घालायचं की नाही, ते शुक्रवारी चौकशीच्या खोलीतच तिला सांग. येताना फ्लॉपी घेऊन ये. चिंतूच्या दुकानातून उसनी आणलेली आहे आणि तो रोज विचारतो.

तुझाच,
कमलाकांत