धोका क्रमांक एक

५ ऑगस्ट, सोमवार

आणि हे सगळं भुतांच्या महिन्यात! वर्षाचे बाकीचे महिने काय पुरात वाहून गेले होते? (खोडते. या महिन्यात भुतं म्हणायचं नाही, चांगले भाऊ म्हणायचं, नाहीतर कोणी हाक मारली म्हणून घरात येतात. पूरही खोडते.) जर्मनीचं गिऱ्हाईक इतकी वर्षं आमचे स्क्रू घेतंय, कधी कुरकुर नाही. आता मोठी ऑर्डर द्यायची वेळ आली तर म्हणे, आधी तुमच्या कारखान्यावर कुठून कुठून संकट येऊ शकतं, तुम्ही कुठे कच्चे आहात आणि संकट आलंच तर काय काय बुडेल, ते तपासून घ्या. महिनाअखेरपर्यंत. नाहीतर ऑर्डर वांगच्या कारखान्याला.

ऑर्डर गेली तर दोन नव्या मशिनींवर कापड टाकायचं आणि रात्रपाळीची माणसं घरी पाठवायची. त्यांतल्या निम्म्यांची लग्नं मी जमवलीत. त्यांच्या बायकांना काय तोंड दाखवू?

नवरा म्हणाला, तपासणीवाला परवा येतोय, तू जरा कमी बोल. मी बोलतेच कुठे?

संकल्प: महिना संपेपर्यंत तोंडातून वाईट शब्द काढायचा नाही. कोणावर ओरडायचं नाही. गोड बिस्किटं बंद.

६ ऑगस्ट

तिन्ही मोडले. चूक आ-शुईकाकांची. फोरमन झाले, केस पिकले, तरी भट्टीशेजारी शिट्टी वाजवत होते. या महिन्यात शिट्टी! चांगल्या भावांना आमंत्रणच. मी ओरडले, ओरडताना वाईट शब्द गेला, मग घसा बसला म्हणून बिस्किटं खाल्ली. उद्यापासून परत सुरू.

७ ऑगस्ट

तपासणीवाले को साहेब आले. तरुण, चष्मा, घाम पुसायला स्वतःचा रुमाल. नवरा, सून पेइ-रोंग, आ-शुईकाका आणि मी, असे सगळे टेबलाभोवती बसलो. को साहेबांनी विचारलं, बोला, या कारखान्यात वाईटात वाईट काय होऊ शकतं?

आ-शुईकाका छताकडे बघत राहिले. नवऱ्याने चहाच्या कपात तोंड घातलं. आमच्या पंचांगाचा सातवा, भुतांचा (खोडते, भावांचा) महिना, दार उघडं, आणि हा बाबा विचारतोय की आमचं कसं कसं वाटोळं होईल! मी म्हटलं, साहेब, तुम्ही इथलेच ना? तुमच्या आईने काही शिकवलं नाही? तर म्हणाले, आईनेही हेच सांगितलंय, पण पोट याच्यावर आहे.

मला दया आली. म्हटलं, तोंडाने कोणी बोलू नका, मी लिहून देते. शाळा मी चौथीत सोडली, पण अक्कल काही शाळेत सोडून आले नव्हते.

८ ऑगस्ट

यादी झाली. माझी मलाच शाबासकी. अशुभ शब्द एकही नाही.

आग: लिहिलं, भट्टीला उत्साह फार. भूकंप: जमीन अंग मोकळं करते. वादळात गाळ्यात पाणी शिरतं, ते: पाणी म्हणजे पैसा, पैसा आत येतो. माणसं नोकरी सोडून जातात: पोरांची प्रगती होते. परिणाम म्हणून शेवटचा रकाना होता, त्यात वरपासून खालपर्यंत भरभराट.

पेइ-रोंगने वाचलं आणि ओठ आत ओढून धरले. बहुधा भारावली. सून चांगली आहे, पण तैपेईत शिकल्यामुळे पटकन कौतुक करता येत नाही तिला.

१२ ऑगस्ट

यादी परत आली. को साहेब म्हणाले, बाई, या हिशेबाने तुमचा कारखाना जितका जळेल तितके तुम्ही श्रीमंत व्हाल. जर्मनीवाल्यांनी विचारलंय की ही कंपनी आहे की देऊळ.

त्यांना जळेल म्हणू नका म्हणून सांगेपर्यंत ते म्हणूनही मोकळे झाले. मग मीच बाहेर जाऊन तीनदा थुंकले.

मग पेइ-रोंगने दुसरी यादी काढली. कॉम्प्युटरवर आधीच करून ठेवली होती, गुपचूप. टाईप केलेलं बोललेलं धरत नाहीत, असं तिचं म्हणणं. लबाड! पण मुद्दा पटला.

मग को साहेब कॉम्प्युटरच्या खोलीत गेले. मी अभिमानाने दाखवलं: प्रत्येक यंत्राच्या डोक्यावर खाऊचं हिरवं पाकीट. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून ठेवायचं. हिरवंच हवं. पिवळं ठेवलं की यंत्र रुसतं, हे लहान पोरालाही ठाऊक. साहेब हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. एकेक पाकीट उलटं करून तारीख बघितली आणि पांढरे पडले. म्हणाले, बाई, या सगळ्यांची मुदत संपलीये. असं कोणी करतं का? आणि आठवड्यात पहिल्यांदाच मनापासून काहीतरी लिहून घेतलं.

मी पेइ-रोंगकडे बघितलं. कॉम्प्युटर तिचा. ती म्हणाली, आई, नवी पाकिटं तुमच्या कपाटात आहेत. किल्ली तुमच्या कमरेला आहे. मी दोनदा मागितली होती.

मागायची पण एक पद्धत असते.

१६ ऑगस्ट

चांगल्या भावांची पूजा. अंगणात टेबलं मांडून कोंबडी, फळं, सुके नूडल्स, बिअर. हात धुवायला तसराळं आणि टॉवेलसुद्धा. को साहेब उदबत्ती घेऊन आले, आमच्यापेक्षा जास्त वाकले. मला बरं वाटलं.

तिथेच त्यांनी घात केला. म्हणाले, एक चाचणी घ्यायचीये. मालकीणबाई नाहीत असं धरून एक दिवस कारखाना चालवायचा.

नाहीत म्हणजे? उदबत्तीच्या धुरात, सगळी भाऊमंडळी जेवत बसलेली असताना, मी नाही? को साहेब गडबडले. म्हणाले, असं समजा की लांबच्या प्रवासाला गेलात. आ-शुईकाकांच्या हातातला कप सांडला. शेवटी पेइ-रोंग म्हणाली, आई केस कुरळे करायला गेल्यात असं लिहा. तसं लिहिलं.

मी कबूल झाले. होऊन जाऊ दे. बघू दे सगळ्यांना माझ्याशिवाय काय होतं ते. माझ्या कमरेला जो जुडगा आहे तो नुसता लोखंडाचा नाही. तारेचं गोदाम, स्क्रूचे डाय, म्हणजे साचे, ठेवायचं कपाट, औषधांची पेटी, सगळं त्यात. तार पाठवणाऱ्याचा आणि मुलामा चढवणाऱ्या चेनचा नंबर माझ्या डोक्यात. कागदावर लिहिला की कोणीही फोन करेल.

संकल्प: चाचणीच्या दिवशी काही झालं तरी मधे पडायचं नाही.

२० ऑगस्ट

चाचणी. खरंच केस कुरळे करायला बसले, रस्त्याच्या पलीकडे, काचेसमोरच्या खुर्चीत. जुडगा कमरेला.

फार मजा आली! आधी गोदाम उघडेना. मग तारेचा ट्रक आला आणि ड्रायव्हर म्हणाला, मालकीणबाई शिव्या देत नाहीत तोवर मी माल उतरवत नाही, मागच्या वेळी चुकीच्या ठिकाणी उतरवला होता. एकाचं बोट कापलं तर औषधाची पेटी बंद. नवरा रस्त्याच्या कडेला येऊन मला हातवारे करायला लागला. मी केशवालीला म्हटलं, मी नाहीये. ती म्हणाली, मग माझे पैसे कोण देणार?

पुढे आ-शुईकाका कुलूप तोडायला हातोडा घेऊन निघाले. माझं कुलूप! सासूबाईंच्या काळातलं! डोक्यावर गुलाबी रोलर, गळ्यात टॉवेल, तशीच रस्ता ओलांडून धावले. मोपेडवाल्यांनी करकचून ब्रेक मारले. रात्रपाळीची माणसं झोपायची सोडून बघायला उभी राहिली.

को साहेब म्हणाले, चाचणी नापास.

बरोबर. ते नापास. मी पास.

केस एका बाजूचेच कुरळे झालेत.

२२ ऑगस्ट

रिपोर्ट आला. पहिल्या क्रमांकावर माझं नाव! श्रीमती लो मेई-श्या. वादळ दुसरं, भूकंप तिसरा. शेजारी परिणाम लिहिलाय: संपूर्ण कामकाज ठप्प. वा! शाळेत चार वर्षांत माझा कधी विसाव्याच्या आत नंबर आला नाही, आणि इथे भूकंपाच्या वर.

केशवालीला नेऊन दाखवला. तिने वाचला, परत वाचला, आणि खुर्ची धरून हसायला लागली. म्हणाली, ताई, ही बक्षिसाची यादी नाही, ही धोक्यांची यादी आहे.

मला माहीत होतं. मी तिची परीक्षा घेत होते.

संध्याकाळी

नवऱ्याला विचारलं, मी धोका आहे? तो म्हणाला, तू नाहीस गं, तू नसणं धोका आहे. मी म्हटलं, मग मी आहे ना. तो म्हणाला, तुझा रक्तदाब बघितलास? आणि मग स्वतःच घाबरून लाकडाच्या टेबलाला हात लावून आला.

को साहेबांनी स्पष्ट सांगितलंय. किल्ल्यांचा दुसरा जोड करा, नंबर लिहून द्या, सगळं पेइ-रोंगला शिकवा. अठ्ठावीसला परत चाचणी. त्यात नापास, तर ऑर्डर वांगकडे.

२४ ऑगस्ट

किल्ल्या दिल्या. नंबर सांगितले. रात्रपाळीवाल्यांसाठी मी काळीज काढून देईन, किल्ल्या काय चीज.

पण सगळंच काही सांगता येत नाही. चेनला फोन केला की आधी दोन मिनिटं झापायचं असतं, त्याशिवाय त्याची गाडी हलत नाही, हे पुस्तकात कुठे असतं? ते मी सांगितलं नाही. विसरले. म्हणजे आठवलं होतं, पण तेव्हा पेइ-रोंग दुसरं काही लिहीत होती.

दहा वाजायच्या आत माझा फोन वाजतो की नाही बघाच. मी रागावणार नाही. शांतपणे सांगेन, झाप त्याला. ऑर्डर वाचेल आणि सगळ्यांना कळेल कोणामुळे वाचली.

२८ ऑगस्ट, सकाळी

बहिणीकडे छिशानला आले. को साहेबांनी बजावलंय, कारखाना दिसेल एवढ्या अंतरावर थांबायचं नाही. फोन रात्रभर चार्ज केला.

अजून फोन नाही. आत्ता कुठे मशिनी तापत असतील.

थोड्या वेळाने

नाही. गोंधळात असतील बिचारे. फोन करायलाही सुचत नसेल.

दुपारी

बहिणीला म्हटलं, तुझ्या फोनवरून मला लाव. वाजला. तिला म्हटलं, परत लाव. ती म्हणाली, तू केळी सोल, मी कामात आहे.

जेवणानंतर

वाजला! हात पुसायच्या आत उचलला. विमा विकणारा होता. इतर वेळी मी अशांचा बाप काढते. आज म्हटलं, बोल बाळा. त्याच्या आईचे गुडघे दुखतात. कोणतं तेल लावायचं ते सांगितलं. शेवटी त्यानेच कंटाळून ठेवला.

संध्याकाळी, घरी

गेटवर कोणी नाही. आत सगळं चालू. चेनची गाडी वेळेआधी येऊन गेली. मी पेइ-रोंगला विचारलं, काय बोललीस त्याला? म्हणाली, काही नाही, गेल्या वेळचा मुलामा छान झाला म्हणून आभार मानले. आभार! चेनचे! तो म्हणे फोनवर रडायच्या बेताला आला होता.

तारेचा ड्रायव्हर माल उतरवून वर झाडूनही गेला.

पेइ-रोंग म्हणाली, आई, जेवलात का? नवरा म्हणाला, केळी आणलीस? आ-शुईकाका शिट्टी वाजवत होते.

मी काही बोलले नाही. संकल्प पाळला गेला एकदाचा.

३ सप्टेंबर

महिना संपला. ऑर्डर मिळाली. रात्रपाळी राहिली, दोन नव्या मशिनी चालू. बोकडाच्या मटणाचा रस्सा मागवला सगळ्यांना. रात्रपाळीवाल्यांच्या बायका आल्या होत्या, पोरंबाळं घेऊन. सगळ्यांनी पेइ-रोंगच्या नावाने पेले उचलले. मीही उचलला. माझा सगळ्यात उंच होता, कोणी बघितलं नसेल.

को साहेबांनी नवी यादी दिली. चाळीशी लावून वरपासून खालपर्यंत वाचली. वादळ आहे. भूकंप आहे. मागच्या संडासाचा गळका नळ आहे. माझं नाव नाही. को साहेबांना विचारलं, राहून गेलं का? ते हसून म्हणाले, अभिनंदन बाई, तुमच्यामुळे आता काहीही अडत नाही.

बिस्किटं खाल्ली. पुडाभर.

४ सप्टेंबर, आठव्या महिन्याची दुसरी तिथी

आज भूमीदेवाची पूजा. फळं, फुलं, तीन कप चहा. पेइ-रोंगने सगळं आधीच मांडलेलं, संत्र्यांची देठंसुद्धा एका बाजूला. मी म्हटलं, तुम्ही जा आत, कौल मी लावते.

देवाला एकच विचारलं. माझं इथे अजून काही काम आहे का? कौलाचे लाकडाचे दोन तुकडे टाकले. एक उताणा, एक पालथा म्हणजे हो, दोन्ही पालथे म्हणजे नाही. दोन्हींची सपाट बाजू वर. म्हणजे देव हसतोय. प्रश्न नीट विचारला नसेल म्हणून परत विचारला. परत हसला. तिसऱ्यांदा जरा आवाज चढवून विचारला, तर एक तुकडा घरंगळत नव्या मशिनीखाली गेला, आणि पालथं पडून, झाडूने बाहेर ओढून बघते तो त्याचीही सपाट बाजू वरच.

तर भूमीदेवा, हे तुला लिहूनच देते, बोललेलं तू हसण्यावारी नेतोस. या कारखान्यात पहिली उदबत्ती मी लावली. तुझा चहा कधी गार होऊ दिला नाही. उद्या सकाळी उठून मी आंघोळ करणार, केस विंचरणार, दोन्ही बाजू आता सारख्या झाल्यात, आणि मग कुठे जायचं ते मला कळत नाही. गाळ्यात जायचं तर कशाला जायचं ते सांग. नसेल जायचं तर तसं सांग, मी ऐकून घेईन. तुझ्या प्रसादाच्या बिस्किटांच्या कपाटाची किल्ली अजून माझ्याकडेच आहे, ती कोणी मागितली नाही, एवढं फक्त ध्यानात ठेव.

सोळाव्या तिथीला परत येते. तोवर हो किंवा नाही, एक काय ते ठरवून ठेव. हसायचं नाही.