विमानाच्या नाकावरचा पोचा

अणदूर

प्रिय जाई,

रविवारी फोनवर तू म्हणालीस, विमानाची शाळा सोडून येते, बॅग भरली आहे. मी नुसतं बरं म्हटलं आणि फोन ठेवला. तुला वाटलं असेल, आई सुटली एकदाची काळजीतून. जे सांगायचंय ते फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. हे पूर्ण वाचल्याशिवाय स्टँडवर जाऊ नकोस.

तू विमान शिकायला गेल्यापासून छोट्या विमानांच्या अपघातांवर हाताला लागेल ते मी वाचते. सातवी पास बाईला इंग्रजी अहवालाच्या एका पानाला डिक्शनरी घेऊन अख्खी दुपार लागते, पण दुपारी मला दुसरं काय आहे? मला वाटायचं, वादळ, वीज असलं काही मोठं कारण असेल. निघतं काय, तर कुणी पेट्रोल बघितलं नाही, कुणी वेग मोजायच्या नळीचं झाकण काढायला विसरला, कुणाकडं पाहुणे वाट बघत होते म्हणून त्यानं ढगातून घाई केली. आपल्या गावातल्या मोटरसायकली पडतात त्याच कारणांनी. तुझे बाबा एसटी काढण्याआधी रोज प्रत्येक चाकाला लाथ मारून बघायचे. नऊ वर्षं झाली त्यांना जाऊन, अजून पहाटेची गाडी सुटली की मी मनातल्या मनात चाकं मोजते.

गेल्या महिन्यात तुझ्या विमानाचा घात तर कुंभारीण माशीनं केला. पेट्रोलच्या टाकीला हवा देणाऱ्या नळीत तिनं मातीचं घर बांधलं, खोलवर, बाहेरून दिसणार नाही असं, आणि नेमकं आपल्या गावावरून जाताना इंजिन बंद पडलं. त्याचा दोष तुला कुणी दिला नाही. पण अहवालात पुढं लिहिलं, नाकावर वरच्या बाजूला मोठा पोचा आहे, म्हणजे उतरताना काहीतरी धडकलं आणि पायलटला कळलंही नाही. त्या एका ओळीनं तू खचलीस. धडकलेलं दिसलंच नाही तर मी उडवू कशी, म्हणालीस.

आता त्या दिवसाचं ऐक. तू कल्याणप्पांच्या सोयाबीन काढलेल्या रानात उतरलीस. मी धावत पोचेपर्यंत शिवलिंगप्पा तुला जीपमधून नळदुर्गला डॉक्टरकडं घेऊन गेले होते. पोरगी धड आहे, आपल्या पायांनी जीपमध्ये चढली, असं सगळे एकदम सांगत होते. अर्धं अणदूर विमानाभोवती गोळा झालं. गावात पहिल्यांदा आलेली गाडी, तशीच कशी ठेवायची? कुणीतरी खंडोबाचा भंडारा उधळला. अहवालात 'अज्ञात पिवळी भुकटी, तपासणीस पाठवली' असं लिहिलंय ना, ती हळद आहे. वाऱ्यानं जाऊ नये म्हणून माणिकप्पांनी विमान बैलाच्या दाव्यानं बाभळीला बांधलं. शेजारच्या रानात मेंढरं बसवलेली बानूबाई आली आणि तिनं नारळ माझ्या हातात दिला. मी मागं सरले. बाबा गेल्यापासून असल्या कामाला मला कुणी पुढं केलं नव्हतं. ती म्हणाली, "लेक तुझी हाय का माझी? फोड गुमान."

बाबा दसऱ्याला चाकापुढं दगड ठेवून त्यावर नारळ फोडायचे, गाडीला कधी लावला नाही. त्या काळ्या रानात मला दगडच सापडला नाही. जाई, तो नारळ मी विमानाच्या नाकावर फोडला. पहिल्यांदा फुटला नाही. पहिला घाव देवासाठी होता. पुढचे दोन रागाचे, माझ्या लेकीला वर नेऊन मेलं मध्येच बंद पडलं म्हणून. खोबरं आम्ही वाटून खाल्लं, त्यामुळं पुरावाही उरला नाही. पोचा मी तेव्हाच पाहिला होता. तरी महिनाभर गप्प बसले, कारण तू घाबरून घरी आलीस तर बरंच, असं मला वाटत होतं.

हे सगळं लिहून मी काल तुझ्या शाळेला स्पीड पोस्टानं पाठवलं. खाली बानूबाईचा अंगठा आहे, आणि तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत: "इष्टी आली की माझी मेंढरं उधळत्यात. ही पोरगी उतरली, तर एक बी उठलं न्हाय." इतक्या हलक्या हातानं बाबांनीही कधी गाडी थांबवली नाही. बॅग उघड आणि कपडे परत कपाटात ठेव. पुढच्या वेळी मी दगड घरूनच घेऊन येईन.

तुझीच,
आई